समुद्रपाखरे पाहण्याचा आनंद



समुद्रावरील पाखरांविषयी म्हसवडास बोलावयाचे ठरले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "आपल्या माणगंगेतून वर्षाचे आठ महिने वाळूच वाहते. तेथल्या माणसांना तुम्ही समुद्राची पाखरे काय दाखवणार?" प्रश्न रास्त होता. समुद्र आपल्यापासून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. आपल्याकडे पावसाची वाट पाहण्यातच माणसाचे आयुष्य सरते. तेथे लाटा आणि पाखरे यांची चर्चा म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांची यादी वाचण्यासारखे वाटेल. तरीही मी हा विषय सोडला नाही. स्नेह्यांच्या प्रश्नाची दोन उत्तरे माझ्याजवळ आहेत. एक आता देतो, दुसरे शेवटी देईन.

पहिले उत्तर असे, की समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. पोटासाठी मुंबईस गेलेला माणूस ज्यात नाही, असे घर माणदेशात क्वचितच सापडेल. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी पाठीवर गोणी घेतली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. संप लांबला, बिऱ्हाड गावी परतले, आणि नववीत माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण जे काही झाले, ते वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांवर झाले. वयात आल्यावर मीही मुंबई गाठली, गोदीच्या बाजूस हमाली केली, आणि काही वर्षांनी संघटनेचे काम अंगावर घेतले. या कामासाठी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्यास, म्हणजे उरणच्या बाजूस, वरचेवर जावे लागे. समुद्रपाखरांची माझी ओळख झाली ती या लाँचवर. तोपर्यंत इतकी वर्षे मुंबईत काढली होती, पण समुद्राकडे मान वर करून पाहिले नव्हते.

एका हिवाळ्यातील गोष्ट सांगतो. उरणच्या बाजूच्या एका ठेकेदाराशी चाललेली बोलणी त्या दिवशी फिसकटली होती. सही करतो म्हणालेला माणूस सही न करताच उठून गेला होता, आणि चाळीस माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी काय सांगावयाचे, याचे उत्तर मजजवळ नव्हते. परतीच्या लाँचवर मी मागच्या कठड्याला टेकून उभा होतो. मागे पांढऱ्या पाखरांचा मोठा थवा लाँचबरोबर येत होता. कलकलाट चालला होता, आणि मी त्याकडे पाहत असूनही मला काहीच दिसत नव्हते. शेजारी दोर गुंडाळीत बसलेला एक वयस्क खलाशी म्हणाला, "साहेब, एवढी सगळी बघायला गेलात तर एकही दिसायचं नाही. एक धरा, आणि ते काय करतं ते बघा."

मी एक धरले. त्याची एका पंखाची दोन पिसे झडलेली होती, म्हणून ते ओळखू येत होते. पुढची दहा-पंधरा मिनिटे मी त्याच्यावरून नजर काढली नाही. ते लाँचच्या वेगाने येत होते, परंतु पंख हलवीत नव्हते. कठड्यापासून दोन हातांवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, ते जणू हवेत टांगून ठेवले होते. फक्त डोके इकडेतिकडे फिरत होते. मग एकाएकी ते एका अंगावर कलले, खाली घसरले, पाय सोडून वेग मोडला, पाण्याच्या पृष्ठभागावरून काहीतरी उचलले, आणि दोन फटकाऱ्यांत पुन्हा आपल्या जागी येऊन टांगले गेले. धक्क्यावर उतरलो तेव्हा चाळीस माणसांचा प्रश्न सुटलेला नव्हता. पण डोके ठिकाणावर आले होते, आणि एक नवीन प्रश्न त्यात शिरला होता. पंख न हलवता ते पाखरू लाँचच्या वेगाने कसे येत होते?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी या छंदात पडलो. फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सालिम अली यांचे, १९४१ साली प्रथम निघालेले, भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक मिळाले. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात शब्दकोश, असे ते मी वाचले. त्यातून आणि पुढील पाहण्यातून जे समजले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

लाँचमागे येणाऱ्या त्या पाखराला मराठीत कुरव म्हणतात. मुंबईच्या बंदरात हिवाळ्यात दिसणाऱ्या कुरवांत दोन जाती मुख्य आहेत. एक तपकिरी डोक्याचा कुरव, दुसरा काळ्या डोक्याचा. नवशिक्याची येथेच फजिती होते, कारण आपल्याकडे ते असतात तेव्हा बहुतेक काळ दोघांचीही डोकी पांढरी असतात, आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका असतो. डोक्याचा रंग हा विणीच्या हंगामाचा पोशाख आहे. मार्चच्या सुमारास, परत जाण्याच्या तयारीत असताना, तो हळूहळू चढू लागतो. त्यातही काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके खरे म्हणजे काळे नसून गडद तपकिरीच असते. नाव ठेवणाऱ्यांनी थोडी घाई केली, एवढेच म्हणावयाचे.

तपकिरी डोक्याचा कुरव वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. त्याच्या पंखांचा पसारा मात्र मीटरभराहून अधिक. उन्हाळ्यात तो लडाख-तिबेटकडील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करतो. त्यांतील काही सरोवरे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. थंडीत ती गोठू लागली की हा हिमालय ओलांडून खाली उतरतो आणि आपल्या किनाऱ्यावर चार-पाच महिने काढतो. पोटासाठी मुंबईस येणारा आणि उन्हाळा लागताच गावी परतणारा, अशी त्याची ओळख माणदेशी माणसाला लगेच पटावी.

आता उडण्याचा प्रश्न. आपल्यापैकी प्रत्येकाने शिखर शिंगणापूरच्या डोंगराच्या कडेला पंख पसरून स्थिर राहिलेली घार पाहिली असेल. वारा डोंगराच्या अंगावर आदळतो, त्याला पुढे जाण्यास वाट नसते, म्हणून तो वर चढतो. त्या वर चढणाऱ्या हवेवर घार बसते. घार स्वतः सतत खाली घसरत असते, आणि हवा तिला तेवढीच वर उचलीत असते. दोन्हींचा हिशेब जुळला की घार जागच्या जागी राहते. लाँचच्या बाबतीत हेच लहान प्रमाणात घडते. लाँचच्या अंगावर आणि केबिनच्या भिंतीवर आदळलेला वारा वर वळतो, आणि कुरव त्या वर वळलेल्या हवेच्या पट्ट्यात येऊन बसतो. त्या पट्ट्याबाहेर गेला की त्याला पंख मारावे लागतात. पुन्हा आत आला की पंख थांबतात. एकच पाखरू धरून पाहिले, तर हा न दिसणारा पट्टा कोठून कोठपर्यंत आहे, ते बोटाने दाखविता येते. हवा डोळ्यांना दिसत नाही. परंतु पाखरू ती आपणांस दाखविते.

माळावर घार दुपारी गोल गोल घिरट्या घेत वर चढते, त्यात कारण वेगळे असते. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर जाते. आपली वावटळ हे त्याचेच डोळ्यांना दिसणारे रूप. समुद्राचे पाणी दिवसा जमिनीसारखे तापत नाही. त्यामुळे वर चढणाऱ्या उष्ण हवेचा आधार तेथे फारसा मिळत नाही. समुद्रपाखराला वाऱ्यावरच विसंबावे लागते. म्हणून घारीचे पंख रुंद, तर समुद्रपाखरांपैकी बहुतेकांचे पंख लांब आणि अरुंद. दक्षिण महासागरातील भटक्या अल्बाट्रॉस या पक्ष्याच्या पंखांचा पसारा तीन मीटरहून अधिक असतो. लाटांलगत वारा मंद असतो आणि वर तो जोरात असतो. या फरकाचा उपयोग करून तो वर चढतो, खाली घसरतो, पुन्हा चढतो, आणि पंख जवळजवळ न मारता शेकडो मैल जातो. तो पाहण्याचे भाग्य आपल्या किनाऱ्यावर नाही. पण लाँचमागचा कुरव हा त्याच विद्येच्या पहिल्या इयत्तेतील विद्यार्थी समजावा.

कुरव लाँचमागे येतो तो वाऱ्यासाठी येतो तसा पोटासाठीही येतो. लाँचचा पंखा पाणी घुसळतो, त्याने लहान मासळी आणि कोळंबी वर येते. कुरवाला खोल बुडी मारता येत नाही. तो पृष्ठभागावरचे उचलतो, मेलेले खातो, दुसऱ्याच्या चोचीतले हिसकावतोही. मासळी उतरवली जाते त्या धक्क्यांवर त्याचा हा स्वभाव नीट दिसतो. एकाने मासा उचलला की तिघे त्याच्या मागे लागतात, आणि पुष्कळदा तो मासा चौथ्याच्याच पोटात जातो. समुद्राचे पाणी मात्र तो खुशाल पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर मीठ वेगळे काढणाऱ्या ग्रंथी असतात. जास्तीचे मीठ दाट खाऱ्या पाण्याच्या रूपाने नाकपुडीतून चोचीच्या टोकाशी येते, आणि पाखरू मान झटकून ते टाकून देते. खाऱ्या विहिरींचे पाणी प्यावे लागलेल्या माणसांना या व्यवस्थेचा हेवा वाटल्यास नवल नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. पहिली दोन वर्षे मीही इतर उतारूंप्रमाणे कुरवांना गाठ्या टाकीत असे. पाखरू हवेतच झेलते, त्याची मौज वाटे. पुढे लक्षात आले, की गाठ्या टाकल्या की मला ज्यासाठी थांबावयाचे तेच नाहीसे होते. हवेवर तोल धरून राहणे, पाण्याचा अंदाज घेणे, नेमके उतरणे, हे सर्व बंद पडते आणि उरते ती हिसकाहिसकी. तळलेले, खारवलेले पीठ हे त्याचे अन्नही नव्हे. तेव्हापासून खिशातल्या गाठ्या मीच खातो.

कुरवाचाच एक भाऊबंद आहे, त्याचे नाव सुरय. दोघे एकाच कुळातले, पण कामाची रीत अगदी निराळी. कुरव अंगाने भरलेला. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बहुधा दुभंगलेल्या शेपटीचा, कानशिलापासून चोचीपर्यंत रेखीव. सुरयाला मासेमारी करताना पाहणे हे, माझ्या मते, या सर्व छंदातील सर्वांत मोठे सुख होय.

सुरय पाण्यावरून वीस-पंचवीस फुटांवरून सावकाश जातो. चोच खाली, नजर पाण्यात. मासा दिसला की तो हवेत थांबतो, म्हणजे पंख भराभर मारीत एकाच जागी राहतो. आपल्या विहिरी-तलावांवरचा काळा-पांढरा कवड्या खंड्या थांबतो तसाच. कधी तो थोडा खाली येतो आणि पुन्हा थांबतो. मग पंख अर्धे मिटून सरळ खाली पडतो. पाणी उडते, पाखरू क्षणभर दिसेनासे होते, आणि बाहेर येते ते चोचीत चकाकणारी चांदीची पट्टी घेऊन. उडता उडताच अंग झटकते, मासा उलटवून त्याचे डोके आधी आत घेते, म्हणजे कल्ले आणि काटे घशाला लागत नाहीत, आणि गिळून पुन्हा कामाला लागते.

यात कसब कोठे आहे, हे समजून घ्यावयाचे असेल तर घरी एक प्रयोग करावा. पितळी वाटीच्या तळाशी एक नाणे ठेवावे, आणि नाणे वाटीच्या काठाआड जेमतेम दिसेनासे होईल इतके मागे सरावे. मग डोके न हलवता दुसऱ्याकडून वाटीत पाणी ओतवावे. नाणे वर आल्यासारखे दिसू लागेल. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची वाट वाकते, म्हणून पाण्यातील वस्तू असते त्याहून वर दिसते. अगदी डोक्यावरून पाहिले तरी चार बोटे खोल असलेला मासा तीन बोटांवर दिसतो. तिरपे पाहिले तर तो जागेवरूनही सरकल्यासारखा दिसतो. सुरयाच्या नजरेपुढे हीच फसवणूक दर वेळी असते. तो माशाच्या नेमका वर येऊन उभा सूर मारतो, तेव्हा बाजूची फसवणूक राहत नाही आणि फक्त खोलीचा हिशेब उरतो. तो हिशेब लहान सुरयाला लगेच येत नाही. पिल्लू उडू लागल्यावरही आईबाप त्याला काही काळ भरवीत राहतात, आणि ते पुनःपुन्हा चुकत शिकत राहते. कोणत्याही कारागिराच्या हाताखालील उमेदवाराची गोष्ट याहून वेगळी नसते.

मोठ्या पाखरांचेही सर्व सूर साधत नाहीत. मी कित्येक सकाळी वहीत रेघोट्या मारीत बसलो आहे. माझ्या वहीत सरासरी तीन सुरांमागे एक मासा पडतो. पुष्कळदा सुरय अर्ध्यावर येऊन सूर मोडतो आणि पुन्हा वर जातो, कारण मासा खाली गेलेला असतो. हे मोडलेले सूर पाहण्यास मी मुद्दाम सांगतो. पाखराने विचार बदलला तो नेमका कोणत्या क्षणी, हे त्यात दिसते.

आपले पाणकावळे याच पाण्यात तिसऱ्याच रीतीने काम करतात. पाणकावळा हवेतून सूर मारीत नाही. पाण्यावर पोहता पोहता तो बुडी घेतो आणि पाण्याखाली पायांनी वल्हवीत माशाचा पाठलाग करतो. बदकाची पिसे पाण्याला दाद देत नाहीत; याची पिसे बरीचशी भिजतात. त्यामुळे अंगाला चिकटलेली हवा कमी होते आणि बुडणे सोपे जाते. त्याची किंमत नंतर चुकवावी लागते. काठावरच्या बाभळीवर पंख पसरून तो वाळत बसतो, तो याचसाठी. एकच पाणी, तेच मासे, आणि तीन कामगार. एक पृष्ठभागावरचे उचलणारा, दुसरा वरून हातभर खोल सूर मारणारा, तिसरा तळापर्यंत पाठलाग करणारा. त्यामुळे एका पाण्यावर तिघांचेही भागते.

या कुळातील पराक्रम सांगू लागलो तर रात्र पुरणार नाही. उत्तर ध्रुवाजवळ वीण करणारा आर्क्टिक सुरय दक्षिण ध्रुवाकडील समुद्रावर दुसरा उन्हाळा काढतो. त्याच्या पायाला बांधलेल्या लहानशा यंत्रांच्या नोंदींवरून, वर्षाकाठी तो सुमारे सत्तर हजार किलोमीटर उडतो, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. दूर कशाला, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर सुरयांची वीण होते. कोळी बांधव पाण्यावर घिरट्या घालणारी पाखरे पाहून मासळीचा अंदाज घेतात. पाखरू पाहणे हा आमच्यासाठी छंद असेल, त्यांच्यासाठी तो धंद्याचा भाग आहे.

आता एका आक्षेपाचा विचार करू. तो दुसऱ्या कोणी घेण्याआधी मीच स्वतःवर घेतला होता. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने दुर्बीण गळ्यात घालून तलावाकाठी बसावे, हे शोभते काय? माणसे कामावरून काढली जात असताना पाखरे मोजणे म्हणजे पळवाट नव्हे काय? कित्येक वर्षे मी हा छंद सहकाऱ्यांपासून लपवून ठेवला. दुर्बीण पिशवीत पावतीपुस्तकांच्या खाली असे.

या संकोचातून मला बाहेर काढले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवार हा आकाशातून पडल्यासारखा आपण वापरतो. तो मागून, भांडून, सभा भरवून मिळालेला दिवस आहे. लोखंड्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात आले, की ज्या दिवसासाठी त्यांनी एवढे केले, तो दिवस कामगाराने कशात घालवावा अशी त्यांची अपेक्षा असेल? कपडे धुण्यात आणि झोपण्यात जाईलच. खंडोबाच्या वारी देवाला जाणे होईल, सभेला जाणे होईल. परंतु त्यातला एखादा तास असा असावा, की ज्यात माणूस कोणाच्याही उपयोगाचा नसेल, आणि तरीही पूर्ण जागा असेल. असा तास पैसेवाल्याला विकत मिळतो. कामगाराला तो मागून घ्यावा लागतो, आणि मागून घेतलेला तास झोपेतच संपला तर मागणी अर्धीच पदरात पडली, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. हातांनी काम केलेल्या माणसाला ही मौज लवकर कळते. साचेखात्यात उमर गेलेल्या माझ्या वडिलांना, त्यांच्या अखेरच्या वर्षांत, मी एकदा तलावावर नेले होते. सुरयाचे चार सूर त्यांनी न बोलता पाहिले. पाचव्याला म्हणाले, "हा आता चुकणार. घाई केली." आणि तो चुकला. त्यांनी पक्ष्यांचे पुस्तक कधी उघडले नव्हते. परंतु हात केव्हा घाई करतो, हे त्यांना ठाऊक होते.

ते जेथे बसले होते, ते ठिकाण आपल्याच पंचक्रोशीतले. हेच माझे दुसरे उत्तर. समुद्रपाखरांचे हे कुळ पाहावयास मुंबईस जाण्याची गरज नाही. ते आपल्या दाराशी आले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत माणगंगेवर बांध घालून राजेवाडीचा तलाव झाला. सरकारी कागदांत तो म्हसवड तलाव म्हणून ओळखला जातो. पाणी दोन जिल्ह्यांच्या शिवेवर पसरलेले. एका काठावर सातारा, दुसऱ्या काठावर सांगली. तो बांधला गेला शेतीसाठी. परंतु पाणी आले तसे मासे आले, आणि मासे आले तशी पाखरे आली. ज्याला नदी सुरय म्हणतात तो, पिवळ्या चोचीचा आणि राखी पाठीचा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा सुरय येथे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. एखाद्या हिवाळ्यात दोन-चार कुरवही उतरतात. ते अधिक संख्येने पाहावयाचे असतील तर उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ जावे. तेथील मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना पाखरे दाखवावयास नेतात आणि त्यावर त्यांना चार पैसेही मिळतात.

नदी सुरय मात्र पाहुणा नव्हे. तो बारमाही इथलाच. आणि त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे व्याख्यान संपवता येणार नाही, कारण त्यात माझा दोष आहे.

नदी सुरय घरटे बांधीत नाही. नदीच्या वाळूच्या पट्ट्यावर, किंवा तलावातील उघड्या बेटावर, उथळ खळगा करून त्यात तो दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचा, पिल्लांचा रंगही वाळूचा. धोका दिसला की पिल्लू जागच्या जागी दबून राहते. ही सर्व योजना एका गोष्टीवर उभी आहे. भोवती पाणी असावे, म्हणजे कुत्रे आणि कोल्हे येणार नाहीत. विणीचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतचा, म्हणजे तलाव आटत जाण्याचाच. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये पाण्यातील एका लहानशा उंचवट्यावर मला सुरयाची एक जोडी बसलेली दिसली. मला इतका आनंद झाला, की मी तो आठ-दहा जणांना सांगितला, जागाही खुणेने दाखविली. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि उंचवटा काठाला जोडला गेला होता. चिखलात चपलांचे माग होते, आणि त्या मागांवरून गेलेले कुत्र्याचे पंजे होते. खळगा रिकामा होता. दोन्ही पाखरे माझ्या डोक्यावर ओरडत फिरत होती. कोणी वाईट हेतूने गेले नव्हते. माझे ऐकूनच गेले होते. माणसे गेली म्हणून पाखरे उठली, आणि उघड्या अंड्यांवर मागून कुत्रे आले, एवढीच गोष्ट. एप्रिलच्या उन्हात तर कुत्र्याचीही गरज नसते. आई अर्धा तास उठून राहिली तरी अंडी भाजून निघतात.

ही एका खळग्याची हकिगत झाली. देशभरात हेच मोठ्या प्रमाणावर घडत आहे. नदीपात्रातील वाळूचा उपसा होतो आणि अंडी घालण्यास जागाच उरत नाही. धरणातून अवेळी पाणी सुटते आणि खालचे पट्टे बुडतात. उरलेल्या जागी माणसे, गुरे आणि कुत्री पोहोचतात. जागतिक पातळीवर जी धोक्यातील जातींची लाल यादी केली जाते, तीत नदी सुरय आज असुरक्षित वर्गात नोंदला गेला आहे. मुंबईतील कुरव लडाखहून येतो. त्याचे घर राखणे आपल्या हाती नाही. सुरयाचे घर मात्र आपल्या नदीत आहे. माणगंगेची वाळू रात्री कोण नेते, हे या गावात कोणाला सांगावयास नको. त्या वाळूबरोबर विहिरींचे पाणी खाली जाते, हे आपण अनेक सभांतून ऐकले आहे. तिच्याबरोबर आणखी काय जाते, तेवढे मी आज सांगितले.

म्हणून माझी विनंती लहान आहे. व्याख्यानमाला चालू आहे त्या या दिवसांतच सुरय अंड्यांवर बसलेला असतो. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी तलावावर जावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही; सुरयाचा सूर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. बांधावरच बसावे, पाण्यातील उंचवट्यांकडे उतरू नये, कुत्रे बरोबर नेऊ नये. पाखरे डोक्यावर येऊन ओरडू लागली तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. जागा कळली तर ती कोणाला सांगू नये. हे शेवटचे मी शिकलो ते महाग पडून शिकलो.

आणि बसल्यावर सगळा थवा पाहू नये. एक पाखरू धरावे. त्याने सूर मारला तर पाहावे, मोडला तर तोही पाहावा, आणि ते नजरेआड होईपर्यंत त्याला सोडू नये. मोऱ्याच्या लाँचवरील त्या खलाशाचे नाव मी विचारले नाही, याची मला अजून चुटपुट लागते. त्याने सांगितलेले तेवढे मात्र आपणांपर्यंत पोहोचविले.